अल हजरच्या डोंगरात पायी आणि सायकलवर: आधी पाणी, मग वाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला राहून सह्याद्रीत भरपूर भटकलात, साल्हेर, रतनगड, हरिहर सगळं पायाखालचं आहे. सप्टेंबरपासून नोकरी मस्कतला. बायको सोबत येणार, तीही मुरलेली ट्रेकर. शिवाय २९ इंची चाकांची एक हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली, सायकल आहे. ओमानच्या अल हजर पर्वतात सुरुवात कुठून करायची, सायकलला काय बदल करायचे, पाणी किती न्यायचं आणि दोघांनीच गेलं तर चालेल का? मी मस्कतला बरीच वर्षं आहे. हिवाळ्यातले शुक्रवार-शनिवार बहुतेक याच डोंगरात जातात आणि नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना तिकडे घेऊन जाणं मला मनापासून आवडतं. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

तुमचे पाय, तुमचा दम, कड्यावर डोकं शांत ठेवायची सवय, हे सगळं इथे कामी येईल. कामी येणार नाही ती सह्याद्रीने लावलेली पाण्याची खात्री. आपल्याकडे गड म्हटला की वर टाकं असतंच. एखादं आटलं तरी दुसरं सापडतं, नाहीतर पदरात उतरलं की वाडी लागते आणि कुणीतरी तांब्या पुढे करतं. ही खात्री इतकी अंगवळणी पडलेली असते की आपण ती मोजतच नाही. अल हजरमध्ये पहिल्या दिवसापासून ती बाजूला ठेवावी लागते. वाट, वेळ, सायकल, सोबत हे सगळं नंतर. आधी पाणी.

याचं कारण खडकात आहे. आपला कातळ म्हणजे लाव्हाचे थरावर थर. धड असलेल्या थरात टाकं खोदलं की पाणी टिकतं. अल हजरच्या मध्यभागातले उंच डोंगर, म्हणजे जबल शम्स आणि जबल अखदर, मुख्यतः चुनखडीचे आहेत. उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षं साचलेला हा गाळ. जबल अखदरवरच्या सैक पठारावर चालताना दगडात शिंपल्यांचे आकार सहज दिसतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि हा खडक विरघळवतं. बारीक भेग रुंदावते, तिचं भोक होतं, भोकाची गुहा होते. त्यामुळे डोंगरमाथ्यावर पडलेलं पाणी वर थांबतच नाही, ते डोंगराच्या पोटात जातं. अल हम्राजवळच्या अल हूता गुहेत जमिनीखाली तळं आहे आणि त्यात आंधळे मासे आहेत. बाहेर उन्हात उभं राहून समोरचा भकास डोंगर बघताना यावर विश्वास बसत नाही, पण पाणी आहे ते तिथे.

चुनखडीला खाली जिथे पाणी न झिरपणारा खडक भेटतो, तिथे ते झरा होऊन बाहेर पडतं. जुनी गावं, खजुराच्या बागा आणि फलज, म्हणजे झऱ्याचं किंवा भूजलाचं पाणी उताराने आणणारे कालवे, हे सगळं त्या रेषेवर वसलेलं आहे. पहिल्या सुट्टीत डोंगर न चढता नुसते मिस्फत अल अब्रियीन गावात जाऊन या. वरचा डोंगर कोरडा ठणठणीत आणि गावात पायऱ्यापायऱ्यांच्या बागांमधून खळाळतं पाणी. एकदा ते डोळ्यांनी पाहिलं की नकाशाकडे बघण्याची नजर बदलते. हिरवा ठिपका जिथे, तिथे पाणी आणि माणूस. तो ठिपका सोडून वर गेलात की पाणी फक्त तुमच्या पाठीवर.

आता हिशेब. डिसेंबर-जानेवारीच्या थंड दिवसात सपाट चालीला माणशी तासाला अर्धा लिटर धरा. चढ असेल, ऊन असेल किंवा सायकल असेल तर पाऊण ते एक लिटर. जबल शम्सच्या दक्षिण शिखराकडे जाणाऱ्या पूर्ण दिवसाच्या वाटेला मी माणशी पाच ते सहा लिटर सांगतो आणि लोक सुरुवातीला हसतात. पाच लिटर म्हणजे पाच किलो, तेवढं वजन घेऊन चढायची सवय आधीच करा. गाडीत वेगळा दहा लिटरचा कॅन ठेवायचा आणि त्याला सकाळी हात लावायचा नाही. निम्मं पाणी संपलं की परत फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. हा नियम निघताना गाडीपाशी मोठ्याने बोलून ठेवा. वर गेल्यावर ठरवायला बसलं की उत्साहाच्या भरात माणूस स्वतःशीच वाद घालतो आणि जिंकतो.

यात एक पेच आहे. सह्याद्रीत बहुतेक वेळा आधी चढ आणि मग उतार. इथे काही सुंदर वाटा पठारावरून सुरू होऊन दरीत उतरतात. सकाळच्या गारव्यात उतार मजेत होतो, पाणी कमी लागतं, हिशेब छान जमल्यासारखा वाटतो. मग दुपारी, दगड तापल्यावर, तोच सगळा उतार चढ होऊन समोर उभा राहतो. अशा वाटेवर दोन तृतीयांश पाणी परतीसाठी राखायचं. सायकलवर तर याहून जास्त, कारण उताराला जो दगड चाकाखालून पळाला तोच चढताना उतरून सायकल ढकलायला लावतो.

कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो. शर्ट ओला होत नाही, म्हणून घाम येत नाही असं वाटतं. संध्याकाळी पाठीवर मिठाची पांढरी नक्षी दिसते तेव्हा कळतं किती गेला ते. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी बिघडतं. ओआरएसची पाकिटं ठेवाच. पण सकाळच्या पहिल्या बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत आणि सोबत मूठभर खजूर यावर माझा फार भरवसा आहे. मस्कतच्या भारतीय दुकानांतून कोकम आगळ मिळतं, घरून बाटली आणायची गरज नाही.

पायाखालच्या दगडाबद्दल. सह्याद्रीत पाय घसरतो तो ओल आणि शेवाळामुळे. इथे चुनखडी कोरडी असताना पकड विलक्षण असते, कारण विरघळून विरघळून तिच्या पृष्ठभागावर बारीक धारदार पन्हळी पडलेल्या असतात. बूट त्यावर चिकटून बसतो. पण याच धारेमुळे पडलात तर नुसतं खरचटण्यावर भागत नाही, तळहात चिरतो. म्हणून पायी चालतानाही पातळ, पूर्ण बोटांचे हातमोजे वापरा. बुटाचा तळ कडक हवा. आपल्याकडे गडकिल्ल्यांवर जे हलके, मऊ रबरी तळाचे बूट लोकप्रिय आहेत ते कातळाला चांगले, पण इथे दिवसभरात तळवे सोलवटल्यासारखे दुखतात आणि एका हंगामात रबराचे तुकडे निघतात.

घसरायच्या जागा दोन. एक, सपाट शिळेवर पसरलेली बारीक खडी. घसारा आपल्यालाही नवा नाही, पण आपला घसारा मातीत असतो, टाच रोवली की थांबतो. इथे खाली कठीण शिळा, तिथे टाच रोवायला काही नाही. पाऊल पूर्ण सपाट टाकायचं, अंग किंचित पुढे, पाय छोटे छोटे. दुसरी जागा म्हणजे वादी. वादी म्हणजे एरवी कोरडं असणारं नदीचं पात्र. पुरांनी घासून तिथली चुनखडी संगमरवरासारखी गुळगुळीत झालेली असते. वादी शाबसारख्या बारमाही पाण्याच्या जागी त्यावर ओलही असते. धारदार दगडावर दोन तास चालून विश्वास बसलेला असतो, आणि नेमका वादीत उतरताना पाय सटकतो. शतकानुशतकं गाढवांच्या आणि माणसांच्या पायांनी झिजलेल्या जुन्या पायऱ्याही तशाच.

सायकलवर येतो. हार्डटेल चालेल, विकू नका. पण टायर आहेत ते आणू नका. चुनखडीच्या धारा टायरच्या मधल्या जाड रबराला फारसं काही करत नाहीत, त्या बाजूची पातळ भिंत कापतात. त्यामुळे बाजू जाड असलेलं, दुहेरी केसिंगचं, २.४ इंच रुंदीचं टायर घ्या. जोडीमागे अर्धा किलो वजन वाढलं तरी घ्या. ट्यूबलेस हवंच, कारण दुसरा शत्रू बाभळीचा. इथल्या समर बाभळीचे काटे वाळून वाटेवर पडलेले असतात आणि साधी ट्यूब एका सकाळीत चाळण होते. सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमधलं भोकं बुजवणारं द्रव, इथल्या उष्णतेत फार लवकर आटतं. भारतात तुम्ही तीन-चार महिने बघत नसाल, इथे दर महिन्याला व्हॉल्व्ह उघडून पातळी बघा. सायकल उन्हातल्या गाडीत ठेवायची सवय लावू नका. हवा नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. पकड थोडी कमी होते, पण रिम दगडावर आपटत नाही.

टायरची बाजू कापली गेली तर काय करायचं, हे घरी एकदा करून बघा, कारण उन्हात पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नव्हे. अंगठ्याच्या नखाएवढा काप असेल तर सीलंट फसफसून बाहेर येतं आणि थांबत नाही. प्लग कोंबला तरी टिकत नाही, कारण ती भिंत चाक फिरताना सतत वाकते. टायर रिमवरून एका बाजूने काढायचं. ट्यूबलेस व्हॉल्व्हची चकती वाळलेल्या सीलंटने घट्ट बसलेली असते, बोटांनी हलत नाही, म्हणून छोटी पक्कड बरोबर हवीच. मग टायरच्या आतून संपूर्ण वर्तुळभर बोट फिरवायचं, अगदी हळू. ट्यूबलेसमध्ये महिनोन्महिने घुसलेले काट्यांचे शेंडे सीलंटने गप्प बसवलेले असतात. ते न काढता ट्यूब घातली की पाच मिनिटांत ती बसते. गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकाच्या मागच्या टायरमधून असे सात-आठ शेंडे निघाले. त्याला एकाचाही पत्ता नव्हता. ते उपटून झाले की कापावर आतून जुन्या टायरचा कापलेला तुकडा लावायचा, तो नसेल तर ओआरएसचं रिकामं पाकीट चारपदरी करून. त्यावर ट्यूब, हवा थोडी कमी, आणि सावकाश गाडीकडे परत. त्या दिवशीचा सायकलिंगचा बेत तिथे संपला असं समजायचं.

ब्रेककडे लक्ष द्या. अल हम्राहून डांबरी रस्त्याने शरफ अल अलमैनच्या खिंडीपर्यंत चढायचं आणि पलीकडे हात, बलद सैत या गावांवरून वादी बनी अवफमध्ये उतरायचं, ही इथल्या सायकलस्वारांची फार आवडती वाट आहे. खिंड साधारण २,००० मीटरवर आहे. पलीकडचा कच्चा उतार इतका तीव्र आणि वळणांचा की चारचाकी गाड्याही पहिल्या गिअरमध्ये रांगतात. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवले तर डिस्क तापते, पॅड चकाकतात आणि लिव्हर पोकळ लागायला लागतं. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड टाका, पुढची डिस्क निदान १८० मिलिमीटरची हवी. वळणाआधी जोरात दाबायचं, मग पूर्ण सोडायचं. मध्ये थांबून डिस्क गार होऊ द्यायला लाजू नका. रस्त्याची अवस्था दर पावसागणिक बदलते, तेव्हा आदल्या आठवड्यात तिथून कोण गेलं होतं ते विचारून निघा. आणि पलीकडच्या बाजूला गाडी आणून ठेवणारा कुणीतरी हवा, हे आधी ठरवा. तोच उतार सायकलवर परत चढणं हा वेगळ्या तयारीचा विषय आहे.

पेडल सपाट वापरा, क्लिपवाले नकोत. इथे सायकल खांद्यावर घेऊन चालणं हा खेळाचाच भाग आहे आणि क्लिपच्या बुटाने झिजलेल्या पायऱ्यांवर चालणं धोक्याचं. जुन्या गाढववाटांवर तर उतरून सायकल उचलूनच न्या, असा माझा आग्रह आहे. त्या वाटा दगड रचून, खालून भिंतीचा आधार देऊन हाताने बांधलेल्या आहेत. चाक आडवं घसरलं की कडेचा एक दगड निसटतो, पुढच्या पावसात त्यामागची माती जाते आणि दोन-तीन वर्षांत तेवढी वाट दरीत. आपल्या गडांच्या पायऱ्यांवरून कुणी मोटारसायकल नेली तर तुम्हाला जे वाटेल, तेच इथल्या लोकांना वाटतं.

वाट शोधण्याबद्दल. आपल्याकडे ढोरवाटांनी फसवलेलं असतं, इथे शेळ्यांच्या वाटा फसवतात. शेळी जिथून जाते तिथून माणसाला जाता येतंच असं नाही. ओमान सरकारने आखलेल्या वाटांवर दगडांवर पिवळा-पांढरा-लाल असे तीन पट्टे रंगवलेले आहेत. पाच मिनिटं चालून पट्टा दिसला नाही तर थांबा, मागे वळा, शेवटच्या पट्ट्यापाशी जा. पुढे दिसेल या आशेवर चालत राहायचं नाही. चुनखडीचे थर आडवे असतात आणि प्रत्येक थराची कडा म्हणजे एक ताशीव भिंत. वरून बघताना या भिंती दिसतच नाहीत, फक्त पायऱ्यापायऱ्यांचा सोपा उतार दिसतो. एक टप्पा उडी मारून उतरलं, दुसरा उतरलं, आणि तिसऱ्याला खाली तीस मीटरचा कडा. आता मागचे दोन टप्पे चढता येत नाहीत. सह्याद्रीतही लाव्हाच्या थरांचे असे कडे आहेत, पण तिथे कारवीला धरून, नाळेने कुठेतरी वाट निघते. इथे झुडूपही हाताला येत नाही, आणि घळीत उतरलात तर मध्येच कोरडा धबधबा आडवा येतो. म्हणून जे परत चढता येणार नाही ते उतरायचं नाही. जुन्या लोकांनी प्रत्येक भिंतीतली फूट शोधून तिथूनच वाट काढलेली आहे. ती फूट सापडेपर्यंत वरच राहा.

पुराबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे माणसं दगावतात ती बहुधा पाण्यानेच, आणि त्यातही नवख्यांपेक्षा सरावलेली माणसं जास्त बेफिकीर असतात. डोंगरावर माती जवळपास नाही. जोराचा पाऊस झाला तर भेगांना जेवढं गिळता येतं तेवढं जातं, बाकीचं सगळं उघड्या दगडावरून एकदम वादीत येतं. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि पाऊस वीस किलोमीटरवर पडलेला असतो. एप्रिल २०२४ मध्ये ओमानच्या शर्किया भागात अशा पुरात शाळकरी मुलांची गाडी वाहून गेली. त्याच आठवड्यात शेजारच्या अमिरातीत अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. मुंबईत असा दिवस येतो आणि जातो, तिथे एरवी वर्षभरातसुद्धा एवढा पडत नाही. हवामान खात्याचा इशारा असेल तर अरुंद वादीत पाऊल टाकू नका. उन्हाळ्याच्या दुपारी तर इशाऱ्याविनाही डोंगरावर ढग चढतात. तंबू कधीही पात्रातल्या मऊ वाळूवर लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, की सामान सोडा आणि बाजूने वर चढा. आणि वाहती वादी गाडीने ओलांडणं ओमानमध्ये गुन्हा आहे, त्यात अडकू नका.

आता सुरुवात कुठून. सप्टेंबरात मस्कत तापलेलंच असतं, तेव्हा डोंगर लांबच बरा. ऑक्टोबरच्या शेवटी, पहाटे, मुत्राहजवळची सी-३८ क्रमांकाची आखलेली वाट करा: रियामपासून मुत्राहपर्यंत, दीड-दोन तासांची. हा खडक चुनखडी नाही, समुद्रतळाखालून वर आलेला काळपट-तांबूस आग्नेय खडक आहे, पण पट्टे ओळखायला, उन्हाचा अंदाज यायला आणि बूट तपासायला शहराच्या दारात इतकी चांगली जागा दुसरी नाही. नोव्हेंबरात सैक पठारावर जा. अल अक्र, अल ऐन आणि अश शुरैजा या गावांना जोडणारी कड्यावरची वाट दोघांनी रमतगमत करावी अशी आहे. मार्चअखेरीपासून तिथे गुलाबाचा हंगाम असतो, तेव्हा पुन्हा जाल. बिरकत अल मौजच्या पोलीस चौकीवर चारचाकी ड्राइव्ह असलेल्या गाडीशिवाय वर सोडत नाहीत, गाडी भाड्याने घेताना लक्षात ठेवा.

त्यानंतर जबल शम्सची बाल्कनी वाट, डब्ल्यू-६. अल खितैमपासून निघून वादी नखरच्या दरीच्या कडेकडेने अस साब या सोडून दिलेल्या गावापर्यंत. चढउतार कमी, जाऊन-येऊन चार-पाच तास, आणि एका हाताला जवळपास हजार मीटरची पोकळी. रुंदीची भीती नाही, वाट बहुतेक ठिकाणी ऐसपैस आहे. कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलेल्या माणसाला जड जाणार नाही. अस साबची घरं एका मोठ्या कपारीच्या आडोशाला बांधलेली आहेत. समोर शेताच्या पायऱ्या अजून शाबूत आहेत. एवढ्या उंच कोरड्या कड्यावर गाव कसं वसलं याचं उत्तर गावाच्या वरच आहे: कड्यातून झिरपणारं पाणी. इथे सायकल आणू नका. काही जण आणतात, मला ते पटत नाही. समोरून येणाऱ्या माणसाला आणि शेळीला बाजूला व्हायला जागा दरीच्याच बाजूला असते.

सुमारे ३,००० मीटरच्या जबल शम्सचं दक्षिण शिखर, डब्ल्यू-४, जानेवारीपर्यंत ठेवा. उत्तरेकडचं सर्वोच्च टोक लष्करी हद्दीत आहे, तिकडे वळायचं नाही. वर रात्री पारा शून्याखाली जातो आणि दिवसाही वारा झोंबतो. दर हजार मीटरला सहा-सात अंश उतरतात एवढं धरून कपडे घ्या. जुनिपरची झाडं लागली की उंचीवर आलात असं समजा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि दऱ्यांमध्ये त्याआधी तासभर अंधारतं, म्हणून दोन हेडलॅम्प आणि पहाटेची सुरुवात.

सायकलसाठी पहिली जागा हत्ता, अमिरातीत. तिथे खास सायकलसाठी बांधलेल्या, हिरव्या-निळ्या-लाल-काळ्या श्रेणीच्या वाटा आहेत. भोवतालचे डोंगर बहुतेक चुनखडीचे नाहीत, पण खडीवर वळणं घ्यायला आणि ब्रेकचा हात बसवायला उत्तम. सीमा ओलांडायची असल्याने व्हिसा आणि गाडीच्या विम्याची कागदं तयार ठेवा. रास अल खैमाच्या जबल जैसची चुनखडी नंतर बघा. तिथल्या वादी गलीलातली, दगड रचून कड्यावर काढलेली जुनी वाट समाजमाध्यमांवर फार फिरते. ती पहिल्या हंगामात नकोच. एका चुकीच्या पावलाला तिथे माफी नाही.

गावातून जाताना गुडघे झाकलेले असू द्या, सलाम करा, बागेत शिरण्याआधी विचारा. बरेच वयस्कर ओमानी मोडकं का होईना हिंदी बोलतात आणि कहवा-खजूर पुढे करतात. नाही म्हणू नका, दोन घोट तरी घ्या. फलजच्या पाण्याला क्रम असतो: कालवा उघड्यावर येतो तिथे पिण्याचं पाणी, मग मशीद, मग आंघोळीच्या जागा, मग बागा. बाटली भरायची ती पहिल्या जागी, तीही विचारून, आणि तिथे हातपाय धुवायचे नाहीत. रमजानमध्ये दिवसा गावात उघड्यावर पाणी पिऊ नका. बायकांच्या धुण्याच्या जागेकडे कॅमेरा वळवू नका. संध्याकाळनंतर पाण्याकाठच्या दगडांत हात घालू नका. इथे फुरशाचा सख्खा भाऊ राहतो, आणि त्याला वादीतली डबकी आवडतात.

दोघांनीच जायचं का? सी-३८, सैकची गावं आणि बाल्कनी, खुशाल जा. शिखर आणि खिंडीपलीकडचा उतार मात्र किमान चौघं आणि दोन गाड्या. एक जखमी झाला तर एक थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात, यातून ही चारची संख्या आली आहे. दरीत फोन लागत नाही. निघण्याआधी घरी किंवा मित्राला वाटेचं नाव, गाडी कुठे उभी केली आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे लिहून पाठवा. ओमानमध्ये आपत्कालीन क्रमांक ९९९९, अमिरातीत पोलीस ९९९. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्यायचं मनात असेल तर ओमानचे नियम आधी नीट विचारून घ्या, आणि घेतलंच तर सुट्टीत येताना ते भारतात आणू नका. परवान्याशिवाय अशी यंत्रं आपल्याकडे चालत नाहीत आणि गोव्याच्या विमानतळावर त्यापायी प्रवाशांना अटक झालेली आहे. ते मस्कतच्या घरी, कपाटात ठेवून या. टायर मात्र निघण्याआधीच बदला, इथे तुमच्या मापाचं हवं ते मिळायला कधी कधी महिना जातो.